"मुलगाच आहे माझा!" : 'व्हर्सायचा गुलाब' आणि त्याची रूपांतरे

गेल्या गणेशोत्सवात मुलांचे 'पावनखिंड' हे छोटे नाटक बसवण्याचे काम माझ्याकडे होते. पात्रे निवडण्यासाठी एका शुक्रवारी सगळी मुले अमवाजला आमच्या घरी जमली. माझी लेक तेव्हा पंधराची. तिने बाजीप्रभूंचा उतारा वाचून दाखवला आणि सर्वांत चांगला वाचला. हे मला आई म्हणूनच नव्हे, तर नाटक बसवणारी म्हणूनही कळले. तरी मी बाजीप्रभू दुसऱ्या मुलाला दिला आणि तिला निवेदिका केले. तिने कारण विचारले तेव्हा म्हणाले, "अगं, मुलगे आहेत ना इतके!" ती काही बोलली नाही. रात्री भांडी आवरताना मात्र शांतपणे म्हणाली, "पण तू तर सगळ्यांना सांगतेस, ही मुलगी नाही, मुलगाच आहे माझा."

यावर मला उत्तर सुचले नाही. नंतर दोन-तीन आठवड्यांनी तिने मला आपल्याजवळ बसवून नेटफ्लिक्सवर एक जपानी चित्रपट दाखवला. त्याचे नाव 'व्हर्सायचा गुलाब'. मला वाटले, कार्टून आहे, तासाभरात सुटका होईल. सुटका झाली नाही. चित्रपट संपल्यावर ज्या चित्रकथेवरून तो काढला तिचे इंग्रजी भाषांतराचे पाच खंड मागवले, मग जुनी मालिका पाहिली, जुना चित्रपट पाहिला. या सगळ्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या पिढीला जपानी चित्रपट्ट्यांची ओळख तशी उशिराच झाली. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली यायचा, तो जपानी होता हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होते? येथे आखातात मात्र ही ओळख जुनी आहे. 'ग्रेंडायझर' आणि 'साली' या जपानी मालिका अरबी बोलत घरोघर पोचल्या. स्पेसटून ही मुलांची अरबी वाहिनी २००० मध्ये सुरू झाली, तिचा उगम बहरीनच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमातच होता. माझी कार्यालयातली बहरीनी मैत्रीण 'साली'चे नाव काढताच आजही डोळे पुसते. तेव्हा हा विषय आपल्या अंगणातला नसला, तरी आपल्या शेजारचा आहे.

ही चित्रकथा लिहिली आणि काढली रियोको इकेदा या बाईंनी. त्यांचा जन्म १९४७ चा. तत्त्वज्ञान शिकायला विद्यापीठात गेलेल्या, विद्यार्थी चळवळीत ओढल्या गेलेल्या आणि पोटासाठी चित्रे काढू लागलेल्या. १९७२ च्या मे महिन्यात 'मार्गारेट' या मुलींच्या साप्ताहिकात कथा सुरू झाली, तेव्हा त्या २४ वर्षांच्या होत्या. मुलींना इतिहास नको असतो, असे संपादकांचे मत होते. इकेदांनी शाळेत असताना श्टेफान झ्वाइगने लिहिलेले फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे चरित्र वाचले होते. तीच कथा त्यांना सांगायची होती. १९७३ मध्ये कथा संपली तोवर सगळा जपान तिच्या नादी लागला होता.

आपल्याकडे १९७१ मध्ये 'किशोर' निघाले. 'चांदोबा' होताच, 'अमर चित्र कथा' होती, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. पण खास मुलींसाठी, मुलींच्या मनात शिरून काढलेली चित्रकथा मराठीत मला कधी भेटली नाही. आम्ही मुली फास्टर फेणेच वाचत होतो आणि त्याच्या सायकलवर मनातल्या मनात बसत होतो. जपानमध्ये मात्र या प्रकाराला 'शोजो' असे स्वतंत्र नाव आहे आणि त्याचे चित्रव्याकरणही निराळे आहे. चौकटी मोडून पसरलेली चेहऱ्यांची चित्रे, डोळ्यांत तारे, मागे उगाचच उमललेली फुले आणि फुग्यात न बसवता पानावर मोकळे सोडलेले मनातले बोल. प्रथम हसू येते. पन्नास पाने उलटल्यावर ध्यानात येते की फुले उगाच नाहीत. बाहेर काय घडते यापेक्षा आत काय होते ते दाखवायचे आहे, आणि त्यासाठी चौकट अपुरी पडते.

कथानक थोडक्यात असे. जनरल जार्जे यांना ओळीने मुलीच होतात. सहावी मुलगी झाल्यावर ते वैतागून ठरवतात, हिला मुलगा म्हणूनच वाढवायचे. तिचे नाव ओस्कर ठेवतात. तलवार, घोडा, पिस्तूल सगळे तिला शिकवतात. चौदाव्या वर्षी ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत लग्न होऊन फ्रान्सला येते, तेव्हा तिच्या रक्षणाला ओस्कर उभी असते. तीही तिच्याच वयाची. स्वीडनचा सरदार फेर्सनही १७५५ चाच. या तिघांबरोबर चौथा आंद्रे, ओस्करच्या दाईचा नातू, तिच्याबरोबर वाढलेला नोकर. राणी फेर्सनवर जीव लावते, ओस्करही मनातून त्याच्यावरच, आणि आंद्रे ओस्करवर. बाहेर भाकरी महाग होत जाते. शेवटी ओस्कर राजवाड्याची नोकरी सोडून सामान्य शिपायांच्या पलटणीत जाते. १३ जुलै १७८९ रोजी आंद्रे मरतो आणि दुसऱ्या दिवशी बास्तीयच्या लढाईत, लोकांच्या बाजूने लढताना, ओस्कर मरते. जनरल जार्जे नावाचा सेनानी इतिहासात खरोखर होता, आणि कैदेतल्या राणीला सोडवण्याच्या कटातही तो होता. ओस्कर मात्र इकेदांची.

येथे एक विषयांतर करते. झ्वाइगने त्या राजकन्येच्या हस्तांतराचा प्रसंग सविस्तर लिहिला आहे. फ्रान्सच्या सीमेवरून वाहणाऱ्या ऱ्हाइन नदीतले एक ओसाड बेट निवडले गेले. कोणाच्याच मालकीची नसलेली जागा हवी होती म्हणून. तेथे एक तात्पुरती इमारत उभारली, एका बाजूने मुलगी ऑस्ट्रियाची म्हणून आत गेली आणि दुसऱ्या बाजूने फ्रान्सची होऊन बाहेर आली. अंगावरचे माहेरचे काही ठेवायचे नाही, असा दंडक. हे मी वाचले ते अमवाजच्या आमच्या गच्चीत. अमवाज म्हणजे लाटा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी येथे समुद्र होता, भराव घालून ही बेटे केली. आपण सगळेच अशा बेटांवर एका बाजूने आलो आहोत आणि दुसरी बाजू कोणती ते अजून ठरायचे आहे. आपल्याला कोणी माहेरचे उतरवून ठेवायला लावले नाही, उलट आपण ते जरा जास्तच घट्ट धरून बसलो. नाटकात बाजीप्रभू मुलगाच हवा, हा माझा हट्ट त्यातलाच नसेल ना? पुण्यात आज कोणी इतका विचारही केला नसता.

असो. मूळ कलाकृतीची ताकद कुठे आहे ते आधी सांगायला हवे, म्हणजे रूपांतरांनी काय राखले आणि काय घालवले ते कळेल. माझ्या मते ती दोन प्रसंगांत आहे. पहिला रोझालीच्या घरचा. जखमी ओस्कर त्या गरीब घरात शुद्धीवर येते आणि सवयीने गरम चॉकलेट मागते. रोझाली ओशाळते आणि पातळ भाजीचे सूप पुढे करते. घरात तेवढेच आहे. ओस्करला रडू कोसळते. क्रांतीवर पानेच्या पाने व्याख्यान देऊन जे साधले नसते ते या वाडग्याने साधते. दुसरा प्रसंग बापलेकीचा. उतारवयात जनरलला आपल्या चुकीची टोचणी लागते. मुलीला मुलगा केले, आता युद्धात मारली जाईल, म्हणून तो तिचे लग्न ठरवू पाहतो. ओस्कर नकार देते, पण बापाला दोष देत नाही. उलट आभार मानते, की बाई असूनही इतके रुंद जग आणि माणूस म्हणून जगण्याची वाट तुमच्यामुळे मिळाली.

हे आभार मला फार विचार करायला लावणारे वाटले. बापाने दिले होते ते पुरुषपण. मुलीने त्यातून उचलले माणूसपण. बापाच्या मनात मुलगी असणे ही उणीवच होती, मुलगा हा त्यावरचा उपाय होता. मुलीच्या मनात ती उणीव कधीच नव्हती. "मुलगाच आहे माझा" या वाक्याचे हे दोन अर्थ आहेत, आणि म्हणणाऱ्याला बहुधा पहिलाच ठाऊक असतो. आपण झाशीच्या राणीलासुद्धा 'मर्दानी' म्हणून गौरवतो. बिठूरला नानासाहेबांच्या सोबतीने घोड्यावर बसायला शिकलेली ती तांब्यांची मनू. तिचे शौर्य तिचे होते, पण ते मान्य करण्यासाठी आपल्याला मर्दाचे विशेषण उसने आणावे लागते.

आता रूपांतरे.

पहिले आणि सर्वांत गाजलेले रूपांतर रंगभूमीवरचे, १९७४ चे, ताकाराझुका या नाटकमंडळीचे. ही मंडळी काय आहे ते मराठी माणसाला एका वाक्यात सांगता येते : बालगंधर्वांच्या उलट. सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात, पुरुषांच्यासुद्धा. इचिझो कोबायाशी या रेल्वे कंपनीच्या मालकाने, आपल्या गाडीला उतारू मिळावेत म्हणून, मार्गाच्या शेवटच्या गावी ही मुलींची गानमंडळी काढली. वर्ष १९१३. त्याच वर्षी नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी उभी करत होते. आमची आजी मिरजेची. तिच्या तोंडून आम्ही ऐकलेले आहे की बालगंधर्वांनी नेसले तसे लुगडे नेसायची, माळली तशी वेणी माळायची बायकांत अहमहमिका लागे. एक पुरुष हजारो बायकांना बाई कसे व्हावे ते शिकवत होता. तिकडे ताकाराझुकात पुरुष झालेल्या मुलींवर हजारो मुली जीव टाकत होत्या. आपल्याकडेही स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळ्या निघाल्याच, बेळगावकर स्त्री संगीत मंडळी त्यांपैकी एक. पण १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, मग ते नेहमीचेच झाले आणि दोन्ही प्रकार आपल्याकडे मागे पडले. जपानमध्ये तो टिकला.

टिकला, पण १९७० च्या सुमारास त्याचीही घरघर सुरू झाली होती. दूरचित्रवाणीने प्रेक्षक पळवले होते. 'व्हर्सायच्या गुलाबा'ने ही मंडळी वाचवली असे तेथे मानतात. पुढे याचे प्रयोग होतच राहिले आणि २०१४ पर्यंत एकूण प्रेक्षकसंख्या ५० लाखांच्या पुढे गेली. गंमत अशी की दिग्दर्शनासाठी बोलावले ते काझुओ हासेगावा या नटाला. त्याने उमेदवारी काबुकीत केली होती, तीही स्त्रीभूमिका करत. म्हणजे बाईचे काम करायला शिकलेला पुरुष, पुरुषाचे काम करणाऱ्या बायकांना, पुरुष म्हणून वाढलेल्या बाईचे सोंग शिकवत होता. बालगंधर्वांना हे पाहून काय वाटले असते?

रूपांतर म्हणून मात्र यात एक तडजोड आहे. रंगभूमीला प्रेम हवे असते. म्हणून कथा कापून जोडपी केली गेली, कधी ओस्कर आणि आंद्रे, कधी फेर्सन आणि राणी. रोझालीचे सूप मखमलीत हरवते. पण नुकसान भरून येते ते दुसरीकडून. पडद्यावर किंवा पानावर ओस्कर ही एक अपवादात्मक मुलगी असते. या रंगमंचावर तिच्याभोवतीचा प्रत्येक पुरुष बाईच असतो. त्यामुळे पुरुषपण हा पोशाख आहे, शिकता येतो आणि उतरवताही येतो, हे कोणी न सांगता दिसते. यात एक काटाही आहे. या नटींना लग्न झाले की मंडळी सोडावी लागते. ओस्करला बापाने लग्नाची सक्ती केली नाही, तिचे सोंग घेणारीला मात्र संसार आणि तलवार यांतून एकच निवडता येते.

१९७९ मध्ये 'लेडी ऑस्कर' हा चित्रपट आला. दिग्दर्शक फ्रेंच, झाक देमी, संगीत मिशेल लग्राँचे, नटनट्या इंग्रजी बोलणाऱ्या, पैसा जपानी. प्रत्यक्ष व्हर्सायला चित्रण झाले. एवढे सगळे जमून चित्रपट जमला नाही. कॅट्रिओना मॅककॉलची ओस्कर देखणी आहे, पण तलवार तिच्या हातात दागिन्यासारखी दिसते. सर्वांत मोठा बदल शेवटी आहे. आंद्रे मरतो आणि ओस्कर जिवंत राहते, गर्दीत त्याला शोधत, हाका मारत फिरते. दिग्दर्शकाला यात करुण रस दिसला असेल. मला त्यात अविश्वास दिसला. इतिहास घडवायला निघालेली बाई शेवटी हरवलेल्या माणसाला शोधणारी बाई करून टाकली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानी दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली, ४० भागांची. ही मात्र खरोखर मोठी कलाकृती आहे. आरंभीचे भाग तादाओ नागाहामा यांनी केले, पुढे १९ व्या भागापासून ओसामु देझाकी आले आणि मालिकेचा रंगच पालटला. उजेड मंदावला, पाऊस वाढला, क्षण गोठून चित्रासारखे थांबू लागले. पॅरिसच्या गल्लीतली भूक इतकी जवळून कोणीच दाखवलेली नाही. ज्यांना एकच रूपांतर पाहायला सवड आहे त्यांनी हेच पाहावे, असे मी म्हणेन.

आणि तरीही माझे मोठे भांडण याच्याशीच आहे. मूळ कथेत ओस्कर शिपायांसमोर आपली सरदारकी आणि वतन टाकून देते आणि लोकांच्या बाजूला जाण्याचा निर्णय स्वतः घेते. मालिकेत हा निर्णय ती आंद्रेकडे सोपवते. तू म्हणशील तिकडे मी येईन, मी तुझी पत्नी, अशा भावनेने. माझ्यासमोर पलटणीची नायिका उभी होती आणि क्षणात ती सप्तपदी चालू लागली. कोणी म्हणेल, आंद्रे गरीब, नोकर, त्याला नेतृत्व दिले हे क्रांतीला धरूनच आहे. हा युक्तिवाद मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण तीस वर्षे तलवार चालवलेल्या बाईची एकमेव खरी कृती काढून घेऊन दुसऱ्याला न्याय देण्याची काय गरज होती? मूळ कथाही निर्दोष नाही, हे येथेच सांगते. आंद्रे एकदा रागाच्या भरात तिच्यावर बळजबरी करू पाहतो आणि शरमून थांबतो. १९७२ मध्ये हे उत्कट प्रेम म्हणून खपले. लेकीच्या शेजारी बसून वाचताना मला ते खपले नाही, आणि तिलाही नाही. आम्ही त्यावर बोललो. इतके स्पष्ट आम्ही याआधी कधी बोललो नव्हतो.

आता नवा चित्रपट. माप्पा या संस्थेचा, ऐ योशिमुरा या दिग्दर्शिकेचा, जपानमध्ये २०२५ च्या जानेवारीत आणि जगभर नेटफ्लिक्सवर त्याच वर्षी एप्रिलअखेर आला. दोन तासांच्या आत सगळी कथा बसवायची म्हणून अर्धी अधिक गाण्यांतून सांगितली आहे. राणीच्या बदनामीला कारण झालेले हिऱ्यांच्या हाराचे प्रकरण जवळजवळ गेलेच. हे प्रकरण गेल्यावर लोक राणीवर इतके का चिडले ते नीट कळत नाही. गुलाबपाकळ्या इतक्या उडतात की एकदा झाडून काढाव्याशा वाटतात. संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या कानांना गाण्याचा अडसर वाटू नये, पण आपली पदे प्रसंग थांबवून त्याच्या तळाशी नेत. येथली गाणी प्रसंग ओलांडून पुढे पळतात.

तरी या चित्रपटाने एक गोष्ट राखली. शेवटचा निर्णय ओस्करचाच आहे. आपले हृदय मोकळे आहे, एवढे तिला कळलेले असते. आणि माझी लेक नेमक्या याच जागी गाणे थांबवून माझ्याकडे पाहत होती.

चारही रूपांतरे शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते. तलवार, गणवेश, घोडा सगळ्यांनी ओस्करला दिला. यात कोणालाच अडचण वाटली नाही. अडचण आली ती ठरवण्याचा अधिकार द्यायच्या वेळी. तेथे कोणी तिला प्रेमात गुंतवले, कोणी गर्दीत रडवले, कोणी नवऱ्याच्या मागे चालवले. हीच फूटपट्टी मी स्वतःला लावून पाहिली. लेकीला मी पोहायला घातले, कराटेला घातले, रोबोटच्या स्पर्धेला दुबईला पाठवले आणि कौतुकाने "मुलगाच आहे" म्हटले. ठरवण्याची वेळ आली, तीही दहा मिनिटांच्या नाटकातली, तेव्हा मी जनरल जार्जेपेक्षाही मागे राहिले. त्याने निदान नंतर विचारले तरी.

मीही अखेर विचारले. या वर्षी परत नाटक करू, बाजीप्रभू तूच हो, असे म्हणाले. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी माझी दहावी आहे, आई. आणि मला बाजीप्रभूच व्हायचं होतं असं नाही. सगळ्यांत चांगलं कोण वाचतं ते बघून तू ठरवशील, असं मला वाटलं होतं." एवढे बोलून ती अभ्यासाला गेली. मी बराच वेळ खाडीच्या पाण्याकडे पाहत बसले होते.

गेल्या आठवड्यात जेवायला आलेल्या एका स्नेह्यांनी तिची पाठ थोपटत तेच वाक्य म्हटले. मी म्हणाले, "नाही हो, मुलगीच आहे." त्यांना वाटले मी रागावले. रागावले नव्हते, नुसते दुरुस्त केले.

पाचही खंड माझ्याकडे आहेत. कोणाला वाचायचे असतील तर शुक्रवारी सायंकाळी अमवाजला या आणि घेऊन जा, मात्र एकेकच न्या. पहिल्या खंडात ओस्करचा चेहरा गोल, बाळसेदार आहे. पाचव्यापर्यंत तो लांबट आणि थकलेला होतो. मधे काय झाले ते कळायचे तर पाचही खंड क्रमानेच वाचायला हवेत. आणि यंदाच्या नाटकासाठी पात्रनिवडीच्या दिवशी सगळ्या मुलांना सगळे उतारे वाचायला देणार आहे. पालकांनी कृपया आधीच भूमिका मागून ठेवू नयेत.